वजन ११९ किलो, ईएफ २० टक्के : ‘आधी वजन कमी करून या’ या सल्ल्याचे नेमके काय करायचे?

अबोली, सोलापूर

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाविषयी लिहीत आहे. दादाचे वय ४६, उंची १७० सेंटिमीटर. तीन आठवड्यांपूर्वी त्याला रुग्णालयात दाखल केले तेव्हा वजन १२८ किलो होते. दहा दिवस शिरेतून लघवीचे औषध दिल्यानंतर घरी सोडताना ते ११९ किलो भरले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते तो आकडा, २० टक्के आहे, आणि गेल्या आठ महिन्यांत दाखल होण्याची ही तिसरी वेळ आहे. झोपताना त्याला तीन उश्या लागतात. न्हाणीघरापर्यंत जाऊन आला की पलंगावर बसून काही मिनिटे त्याला बोलता येत नाही. रक्तदाब वरचा ९० च्या आसपास राहतो, त्यामुळे सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन या हृदयाच्या औषधाची मात्रा दोनदा कमी करावी लागली, आणि टॉर्सेमाइड या लघवीच्या औषधाची मात्रा मात्र वाढतच चालली आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे.

त्याआधीचे संपूर्ण वर्ष त्याची धाप ‘वजनामुळे आहे’ असेच आम्हाला सांगितले जात होते. एकदा हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी केली, तीही ‘फारशी वाढलेली नाही’ म्हणून बाजूला ठेवली गेली. ते वर्ष वाया गेले याचे दुःख आम्हाला आहेच, पण आता पुढचे विचारायचे आहे. हृदय प्रत्यारोपणासाठी एका मोठ्या रुग्णालयात दाखवले. तेथे ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४४ आहे, ३५ च्या खाली आणून या, मग बघू’ एवढेच सांगण्यात आले. जो माणूस घरातल्या घरात चालू शकत नाही त्याने वजन कसे कमी करायचे, हे कोणी सांगितले नाही.

३५ हा आकडा पक्का नियम आहे का? आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शने त्याला चालतील का? स्थूलतेची शस्त्रक्रिया किंवा हृदयाचा पंप हे मार्ग अशा रुग्णाला खुले असतात का? आणखी एक. एका ओळखीच्या गृहस्थांच्या सल्ल्याने वहिनी त्याला चार दिवसांपासून फक्त फळांचा रस आणि सूप देत आहेत. ते योग्य आहे का?

हृदयरोगतज्ज्ञ, पुणे

अबोलीताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आजच अमलात आणायला हवे. फळांचा रस आणि सूप यांवरचा हा उपास लगेच थांबवा. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाने अन्न एकदम तोडले तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही शरीरात कीटोनचे आम्ल साचू शकते, आणि साखर ठीक दिसते म्हणून हा धोका घरच्यांच्या लक्षात येत नाही. या चार दिवसांत मळमळ, उलटी, पोटदुखी, नेहमीपेक्षा वेगळा खोल श्वास किंवा गुंगी यांपैकी काहीही जाणवले असेल तर फोनवर विचारत न बसता थेट रुग्णालयात न्या.

आता मुख्य मुद्दा. आठ महिन्यांत तीनदा दाखल होणे, लघवीच्या औषधाची मात्रा चढत जाणे, रक्तदाब खाली राहणे आणि हृदयासाठी उपकारक ठरलेली औषधे कमी करावी लागणे, या चारही खुणा एकत्र आल्या की आजार प्रगत टप्प्यात पोचला आहे असे मानून चालावे लागते. अशा रुग्णाला ‘वजन उतरवून सहा महिन्यांनी या’ म्हणून घरी पाठवणे मला मान्य नाही. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची ताकद अपुरी पडण्याच्या आजाराचा, स्वतंत्र विभाग, पंपाचा अनुभव असलेले शल्यचिकित्सक आणि स्थूलतेवर उपचार करणारे पथक एकाच छताखाली असेल अशा ठिकाणी त्यांना आताच नाव नोंदवून नियमित दाखवत राहणे, आणि वजन उतरवणे हे त्या उपचाराचेच एक अंग म्हणून करणे, हा मार्ग आहे. मी पुढे जे लिहितो आहे ते याच एका गोष्टीसाठी.

प्रथम तो बीएमआयचा आकडा तपासू. ४४ हा आकडा १२८ किलोवरून काढलेला आहे, आणि त्यातले नऊ किलो तर पाणी होते, ते दहा दिवसांत लघवीवाटे गेले. ११९ किलोला बीएमआय ४१ येतो. १७० सेंटिमीटर उंचीला ३५ म्हणजे सुमारे १०१ किलो. म्हणजे प्रत्यक्षात उतरवायचे वजन २७ नव्हे, १८ किलो आहे, आणि पायांवर किंवा पोटात अजून सूज असेल तर त्याहूनही कमी. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा बीएमआय सूज उतरल्यानंतरच्या कोरड्या वजनावर मोजावा. हा साधा हिशेब अनेकदा कोणी करत नाही आणि कुटुंब उगाच खचते.

३५ हा आकडा आला कोठून? हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ साली ३० ही मर्यादा सुचवली होती. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ती ३५ पर्यंत सैल झाली, कारण त्याहून अधिक स्थूल रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत आणि मृत्यू अधिक दिसत होते. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. केंद्रागणिक थोडाफार फरक असतो. तरीही ४१ बीएमआय असताना थेट प्रत्यारोपणाची यादी मिळण्याची अपेक्षा मी तुम्हाला देणार नाही, आणि त्याला केवळ नियमाचा आडमुठेपणा म्हणता येणार नाही. जखम भरणे, संसर्ग, फुप्फुसांतला दाब, आकाराने साजेसे दात्याचे हृदय मिळायला लागणारा वेळ, हे सगळे प्रश्न खरे आहेत. (भारतीयांत बीएमआय २५ पासूनच स्थूलता मानतात. ती मर्यादा निदानासाठी आहे. प्रत्यारोपणाच्या आकड्याशी तिची गल्लत करू नये, कारण ती वाचून घाबरलेली कुटुंबे माझ्याकडे येतात.)

तुमच्या बंधूंचे वर्षभर निदान झाले नाही, त्यामागचे कारण इतर वाचकांसाठीही सांगणे आवश्यक आहे. स्थूल व्यक्तींत बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांची पातळी मुळातच कमी असते. बारीक माणसात जो आकडा धोक्याचा इशारा देतो, तितकेच बिघडलेले हृदय असूनही स्थूल माणसात तो जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. छातीवरच्या चरबीमुळे इकोचे चित्रही धूसर येते. म्हणून लठ्ठ माणसाला चालताना किंवा आडवे पडल्यावर धाप लागत असेल, तर एका रक्ततपासणीवरून हृदयाला निर्दोष ठरवू नये.

पुढच्या भेटीत सर्वांत आधी हे विचारा की ईएफ २० पर्यंत घसरण्यामागे उलटवता येण्याजोगे काही आहे का. रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी झाली आहे का? एट्रियल फिब्रिलेशनसारखी अनियमित आणि जलद लय महिनोन्‌महिने चालू राहिली असेल तर केवळ त्यामुळेही हृदय ढिले पडते, आणि लय आवरली की ते बरेच सावरते. थायरॉइड पाहिले आहे का? ईसीजीमध्ये लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला विद्युतसंदेश उशिरा पोचणे) असून लहर रुंद झालेली असेल, तर दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणाऱ्या सीआरटी पेसमेकरचा विचार झाला आहे का? ‘लठ्ठपणामुळे हृदय कमकुवत झाले’ हे निदान बाकी सर्व कारणे तपासून झाल्यावरच करायचे असते.

इंजेक्शनांविषयी सावधपणे लिहितो, कारण जाहिराती आणि समाजमाध्यमे यांनी यात बराच गोंधळ घातला आहे. हार्ट फेल्युअरचे दोन मोठे प्रकार आहेत. ज्यात हृदयाचे आकुंचन चांगले असते पण ते ताठर झालेले असते, त्या प्रकारात स्थूल रुग्णांना या औषधांचा लाभ स्पष्ट दिसला आहे. २०२३ च्या स्टेप-एचएफपेफ या चाचणीत ५२९ रुग्ण होते. वर्षभरात सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदाचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन १३.३ टक्के उतरले, नुसते औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.६ टक्के, आणि त्यांची धाप व चालण्याची क्षमता सुधारली. २०२४ च्या समिट चाचणीत टिर्झेपॅटाइड या अशाच इंजेक्शनामुळे हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणे यांचे एकत्रित प्रमाण १५.३ वरून ९.९ टक्क्यांवर आले. परंतु तुमच्या बंधूंचा प्रकार हा नाही. त्यांचे आकुंचनच कमी आहे. त्या प्रकारातल्या, नुकत्याच दाखल होऊन गेलेल्या ३०० रुग्णांवर २०१६ साली लिराग्लुटाइड या सेमाग्लुटाइडच्याच जातीच्या औषधाची फाइट ही चाचणी झाली. तिच्यात लाभ दिसला नाही आणि कल थोडा अपायाकडेच होता. त्याच औषधाच्या २०१७ च्या लाइव्ह चाचणीत नाडीचा वेग वाढला आणि हृदयाच्या गंभीर तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या. सेमाग्लुटाइडच्या १७,६०४ रुग्णांच्या सिलेक्ट चाचणीत हार्ट फेल्युअर असलेल्या गटाचे निष्कर्ष दिलासादायक आहेत, पण तुमच्या बंधूंइतक्या गंभीर, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या रुग्णांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते.

याचा अर्थ ही औषधे कायमची वर्ज्य आहेत असा नाही. काही केंद्रे स्थिर झालेल्या रुग्णांत ती कमी मात्रेपासून, नाडी, रक्तदाब, मूत्रपिंड आणि लय यांवर नजर ठेवून देतात, आणि १५ टक्के वजन उतरले तर तुमच्या बाबतीत नेमके ते १८ किलो होतात. मात्र गेल्या महिन्यात दाखल झालेल्या माणसाला दुकानातून स्वतः आणून ती सुरू करणे हे मी धोक्याचे मानतो. उलट्या आणि मंदावलेली भूक यांमुळे पाणी कमी पडले आणि टॉर्सेमाइड तितकेच चालू राहिले तर आधीच ९० च्या आसपास असलेला रक्तदाब कोठे जाईल, याचा विचार करा.

पंप, म्हणजे हृदयाला जोडून रक्त पुढे ढकलणारे एलव्हॅड हे यंत्र, हा मार्ग अतिस्थूल रुग्णाला बंद नाही. प्रत्यारोपणासाठी ३५ हा जसा अडसर होतो, तसा ठाम अडसर पंपाला मानला जात नाही. सध्या वापरात असलेल्या हार्टमेट ३ या पंपाच्या मोमेंटम ३ चाचणीत पाच वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के रुग्ण हयात होते. स्थूल रुग्णांचे पंपानंतरचे आयुर्मान अनेक नोंदींत इतरांच्या जवळपास आढळते, परंतु पंपाला वीज पुरवणाऱ्या, पोटातून बाहेर येणाऱ्या तारेच्या जागी संसर्ग त्यांना अधिक होतो आणि हृदयाची उजवी बाजू थकण्याची भीती राहते. आपल्याकडे खरी अडचण पैशांची आहे. खर्च कोटीच्या आसपास जातो, आणि तो बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. हे मी लपवून ठेवत नाही. कारण ही चर्चा पहिल्याच भेटीत उघडपणे झाली तर कुटुंब जमीन विकण्याआधी विचार करू शकते.

राहिली स्थूलतेची शस्त्रक्रिया. अशा रुग्णांत बहुधा स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करण्याची शस्त्रक्रिया निवडतात. ती बायपासपेक्षा कमी वेळात होते आणि आतड्याचा मार्ग न बदलल्यामुळे पुढे प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचे शोषण फारसे बिघडत नाही. ईएफ २० असताना ती करणारी केंद्रे थोडी आहेत आणि उपलब्ध अनुभव छोट्या रुग्णगटांचा आहे. त्यातले काही रुग्ण प्रत्यारोपणापर्यंत पोचले आहेत, तर काहींचे हृदय इतके सुधारले की प्रत्यारोपणाची गरजच उरली नाही. निवडक रुग्ण आणि अनुभवी भूलतज्ज्ञ ही त्यातली अट आहे.

शुभदा, न्यू जर्सी

अबोली, तुमचे लिहिणे वाचून चार वर्षांपूर्वीचे आमचे घर आठवले. माझ्या यजमानांचे वजन १३४ किलो होते आणि प्रत्यारोपणाची यादी आम्हालाही नाकारली गेली होती. फरक इतकाच, की नाकारतानाच त्या डॉक्टरांनी पुढच्या दीड वर्षाचा आराखडा कागदावर लिहून हाती दिला. आधी पंप, मग तब्येत सावरल्यावर स्लीव्ह, मग पुन्हा यादीसाठी मूल्यमापन. तो कागद आमच्या फ्रिजवर अखेरपर्यंत लावलेला होता.

पंपाबद्दल एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती, म्हणून सांगते. पंप बसल्यावर धाप गेली, जिभेला चव आली आणि पहिल्या पाच महिन्यांत यजमानांचे वजन सात किलोंनी वाढले. पंप बसला म्हणजे वजन आपोआप उतरेल, असे मानू नका. तेथे आहारतज्ज्ञ पहिल्या आठवड्यापासून लागतो. तारेच्या जागेची पट्टी मी स्वतः बदलत असे. पोटाच्या घडीत ती जागा ओलसर राहते, तार हलते, आणि एकदा संसर्ग होऊन सहा आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागलीच. स्लीव्हच्या वेळी रक्त पातळ करणारी वॉर्फरिन थांबवून हेपरिन दिले होते, त्या आठवड्यात आम्ही सर्वाधिक घाबरलो होतो. अकरा महिन्यांनी वजन १०८ झाले आणि नाव यादीत लागले. आता त्यांना नवे हृदय मिळून दीड वर्ष झाले आहे.

सोलापुरात पंपाचा विचार कराल तेव्हा विजेचा प्रश्न आधी विचारा. पंपाच्या बॅटऱ्या रोज चार्ज कराव्या लागतात. वीज गेली तर पर्यायी सोय काय, आणि घरात दोन माणसे प्रशिक्षित आहेत का, हे आम्हाला शस्त्रक्रियेआधी लेखी द्यावे लागले होते.

आहारतज्ज्ञ, नाशिक

डॉक्टरांनी उपासाविषयी लिहिले आहे, त्याला माझी पुस्ती. अशा रुग्णाचे वजन झपाट्याने उतरवले तर चरबीइतकाच स्नायूही जातो, आणि प्रत्यारोपणाच्या वेळी दुबळे स्नायू हे जास्त वजनाइतकेच घातक ठरतात. म्हणून काट्यावरच्या आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी नोंदवा : हाताचा आधार न घेता खुर्चीतून किती वेळा उठता येते, आणि मुठीची पकड. पकड मोजण्याचे यंत्र फिजिओथेरपी विभागात असते. आकडा उतरतो आहे आणि उठणेही कमी होते आहे, असे दिसले तर आहार चुकतो आहे.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते खाण्याचे नव्हे, पाण्याचे वजन असते, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बाहेर पडणाऱ्या पाण्याला वजन उतरल्याचा आनंद मानू नये आणि साचणाऱ्या पाण्यासाठी रुग्णाला खाण्यावरून बोलू नये. घरोघरी हे दोन्ही घडते, आणि बोलणी खाऊन रुग्ण काट्यावर उभे राहणेच टाळू लागतो.

मीठ म्हणजे केवळ भाजीतले मीठ नव्हे. लोणचे, पापड, सांडगे, सुके बोंबील, फरसाण, पावातले मीठ आणि सोलापूरकरांच्या ताटातली शेंगाचटणी या सगळ्यांचा हिशेब धरावा लागतो. चटणी मीठ न घालता लसूण, जिरे आणि लिंबावर करता येते. ज्वारीची भाकरी तशीही मिठाशिवाय होते, ही तुमच्याकडची जमेची बाजू. मात्र बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते आणि स्पायरोनोलॅक्टोन व सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. प्रथिने किती द्यायची हे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहून ठरवावे लागेल. तोवर दोन्ही वेळच्या जेवणात डाळ किंवा अंड्याचा पांढरा भाग, आणि दिवसभराच्या पाण्याच्या मर्यादेत धरून बिनमिठाचे ताक, एवढे निश्चिंतपणे देता येईल.

अबोली, सोलापूर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्रीच रस बंद केला. उलटी किंवा पोटदुखी नाही, साखर आणि कीटोन तपासून घेतले, ते ठीक आहेत. पुढच्या मंगळवारी पुण्याच्या एका केंद्रात वेळ मिळाली आहे. डॉक्टर, एक राहिले होते. दादा खूप घोरतो, आणि वहिनी म्हणतात की झोपेत मध्येच त्याचा श्वास थांबतो. एका दुकानदाराने श्वासाचे यंत्र भाड्याने देऊ केले आहे. मंगळवारपूर्वीच आणावे का?

हृदयरोगतज्ज्ञ, पुणे

कीटोन ठीक आहेत हे वाचून बरे वाटले. यंत्र मात्र तपासणीआधी आणू नका. झोपेत श्वास थांबण्याचे दोन प्रकार असतात. घशाचा मार्ग बंद होऊन थांबतो त्याला साधे सीपॅप, म्हणजे एकसारख्या दाबाने हवा देणारे यंत्र, उपयोगी पडते. मेंदूकडून श्वासाची आज्ञाच खंडित होते तो प्रकार कमकुवत हृदयाच्या रुग्णांत बराच आढळतो, आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, श्वासाप्रमाणे हवेचा दाब बदलणाऱ्या एएसव्ही यंत्राने २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत ईएफ ४५ किंवा त्याहून कमी असलेल्यांचे मृत्यू वाढल्याचे दिसले. भाड्याच्या दुकानात ही दोन्ही यंत्रे शेजारीशेजारी ठेवलेली असतात. तेव्हा मंगळवारी झोपेची तपासणी आणि सकाळच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड, दोन्ही मागून घ्या. स्थूलतेमुळे श्वास उथळ राहून फुप्फुसांतला दाब चढलेला असेल तर तो प्रत्यारोपणाच्या आड येतो, आणि योग्य यंत्राने काही महिन्यांत तो उतरण्याची शक्यता असते.

दोन तपासण्यांची नावे लिहून न्या. उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन, ज्यात तो दाब प्रत्यक्ष मोजला जातो, आणि ते थोडे चालू लागल्यावर श्वसनवायू मोजणारी व्यायाम चाचणी. या चाचणीत प्राणवायूचा वापर दर किलो वजनामागे काढतात, त्यामुळे चरबीचे किलो भाजकात जाऊन स्थूल रुग्णाचा आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. चरबी वगळलेल्या वजनावर तो पुन्हा काढावा, तेथे मिनिटाला दर किलोमागे १९ मिलिलिटरपेक्षा कमी ही प्रत्यारोपणाचा विचार करण्याची सीमा २०१६ च्या सूचनांतच दिलेली आहे. तिन्ही वेळचे डिस्चार्ज कागद, जुना ईसीजी आणि रोजच्या वजनाची वही सोबत ठेवा. ११९ चे वजन सोमवारपर्यंत १२१ झाले, किंवा उभे राहताना भोवळ आली, तर मंगळवारची वाट न पाहता सोलापुरातच दाखल करा. पुण्याच्या केंद्राला तेथून फोन करता येईल.